जमाखर्च आणि न्याय : नामदार गोखले यांच्या सार्वजनिक जीवनाची प्रस्तावना

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. मात्र ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्राच्या ओघात भेटते. रानडे यांच्या चरित्रात ते शिष्य म्हणून येतात, टिळकांच्या चरित्रात प्रतिपक्ष म्हणून, आणि गांधींच्या चरित्रात गुरू म्हणून. या तिन्ही नात्यांत तथ्य आहे, परंतु १९०२ ते १९१५ या तेरा वर्षांत गोखले यांनी हिंदुस्थानच्या राजकारणात स्वतःचे असे काय केले, याचा उलगडा त्यांतल्या एकाही नात्याने होत नाही. सरकारने स्वतःच प्रसिद्ध केलेले आकडे घेऊन, त्याच आकड्यांच्या आधारे, हा पैसा कोणाकडून येतो आणि कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न सरकारच्या तोंडावर विचारण्याची परंपरा भारतीय विधिमंडळात ज्यांनी रुजवली त्यांत गोखले यांचे स्थान अग्रभागी आहे, आणि त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहिले तर त्यांतील अनेक विस्कळीत वाटणारे प्रसंग एका सूत्रात येतात.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरजवळच्या कोतळूक या गावी त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागललाच दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत राहिले. कोकणातून घाटावर आलेल्या असंख्य कुटुंबांची कथा अशीच आहे, म्हणून तिचे फार कौतुक करण्याचे कारण नाही; तथापि पुढे ज्या माणसाने मिठाच्या करातले आठ आणे आणि दरमहा दहा रुपये मिळकतीच्या पालकाची शाळेची फी या गोष्टी साम्राज्याच्या सर्वोच्च सभागृहात लावून धरल्या, त्याला आठ रुपयांत महिना काढणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, एवढे लक्षात ठेवणे अवश्य आहे. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असे करीत १८८४ मध्ये ते पदवीधर झाले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन, म्हणजे अल्प वेतनावर उमेदीची वर्षे संस्थेला देण्याची प्रतिज्ञा करून, सतरा-अठरा वर्षे न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत राहिले. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले. या काळातले सहकारी आगरकर यांच्याबरोबर त्यांनी ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी भागाचे काम पाहिले, आणि टिळकांशी झालेल्या मतभेदांचा प्रारंभही याच संस्थेच्या चार भिंतींत झाला. त्या भांडणांचा तपशील मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे. तो येथे पुन्हा देण्याची गरज नाही.

खरी घडण झाली ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली. पूना सार्वजनिक सभा ही लोकांची गाऱ्हाणी अर्जांच्या द्वारे सरकारपुढे मांडणारी संस्था होती, आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादन गोखले यांच्याकडे आले. या त्रैमासिकासाठी सरकारी अहवाल, जमाबंदीची पत्रके, निर्यात-आयातीचे तक्ते, पार्लमेंटपुढे ठेवलेली कागदपत्रे वाचायची, त्यांतला विसंवाद हुडकायचा आणि मगच वाक्य लिहायचे, अशी रानडे यांची शिस्त होती. या शिस्तीतला दुसरा शिक्षक आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने शाळामास्तर. व्यासपीठावर ते फारसे दिसले नाहीत, परंतु हिंदी अर्थकारणाच्या आकडेवारीवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते, आणि गोखले यांच्या सुरुवातीच्या साक्षी व भाषणे यांच्यामागे जोशी यांनी पुरविलेली टिपणे होती. गोखले यांच्या कीर्तीतला जोशी यांचा वाटा मान्य केल्याने गोखले लहान होत नाहीत; उलट एका पिढीने सामुदायिकपणे केलेल्या अभ्यासाचे ते मुखत्यार होते, हे त्यामुळे स्पष्ट होते.

त्या अभ्यासाची पहिली कसोटी १८९७ मध्ये लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या, आणि अध्यक्षांच्या नावावरून वेल्बी आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाही आयोगापुढे त्यांनी लंडनमध्ये साक्ष दिली. तेव्हा त्यांच्या वयाला एकतीस वर्षेही पुरी झालेली नव्हती; दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि सुब्रह्मण्य अय्यर यांच्या साक्षीही याच वेळी झाल्या. उलटतपासणीत गोखले डगमगले नाहीत. परंतु त्याच मुक्कामात घडलेल्या दुसऱ्या प्रकरणाने त्यांना आयुष्यभराचा चटका दिला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी घरोघर शिरलेल्या गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली होती, आणि त्यांवर विसंबून त्यांनी ते आरोप इंग्लंडमधील वर्तमानपत्रात जाहीरपणे केले. प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याचा खून होऊन वातावरण पेटलेले असताना सरकारने पुरावा मागितला. गोखले मायदेशी परतल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे येण्यास तयार झाले नाही, आणि मित्रांची नावे सांगून त्यांना संकटात लोटणे गोखले यांना मान्य नव्हते. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची निर्भर्त्सना झाली, आणि ‘माफी मागणारा’ हा शिक्का बरीच वर्षे पुसला गेला नाही. माफीचे शब्द गरजेपेक्षा अधिक नरम होते हे कबूल करावे लागते. मात्र या प्रसंगातून त्यांनी भित्रेपणा शिकला असे म्हणणे पुढच्या इतिहासाशी जुळत नाही. जे सिद्ध करता येते तेवढेच बोलायचे आणि जे सिद्ध करता येते ते कोणापुढेही बोलायचे, असा निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतला, आणि त्यांच्या पुढच्या भाषणांची कठोर बांधणी या निर्बंधातून आली.

मुंबईच्या प्रांतिक कायदेमंडळात दोन वर्षे काढल्यावर फिरोजशहा मेहता यांच्या जागी ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. हे मंडळ म्हणजे आजची संसद नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. १८९२ च्या कायद्यानुसार बिनसरकारी सभासद मूठभर असत, त्यांना प्रश्न विचारण्याची आणि वार्षिक अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा असे, पण त्यावर ठराव मांडण्याची किंवा मत देण्याची सोय नव्हती. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या अध्यक्षतेखाली मार्चअखेरीस एकदा अंदाजपत्रकाची चर्चा होई, तोवर आकडे पक्के झालेले असत. बहुतेक सभासद अर्थसचिवांचे अभिनंदन करीत आणि बैठक संपे. लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली २६ मार्च १९०२ रोजी जेव्हा गोखले उभे राहिले, तेव्हा सरकारपाशी सात कोटी रुपयांची शिल्लक होती आणि अभिनंदनाचा सूर लागलेला होता. त्यात आपला सूर मिळवता येत नाही, असे सांगूनच त्यांनी आरंभ केला.

त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासाठी त्या काळच्या चलनव्यवस्थेकडे वळावे लागते. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये मोठी रक्कम भरावी लागे. तीत कर्जाचे व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्करी खर्च अशा बाबी असत, आणि तिला ‘होम चार्जेस’ म्हणत. ही रक्कम पौंडांत द्यायची आणि महसूल मात्र चांदीच्या रुपयात गोळा करायचा, त्यामुळे जगात चांदीचा भाव जसजसा उतरला, तसतसे तेवढेच पौंड देण्यासाठी अधिक रुपये लागू लागले. एके काळी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९४-९५ च्या सुमारास तेरा पेन्सांवर आला. ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले : १८८६ मध्ये प्राप्तीवरचा कर आला, १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, पुढे आयातीवरही जकात बसली. मग १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खुल्या नाणेपाडणीला बंद केल्या आणि काही वर्षांत रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला. आता लंडनला तेवढेच पौंड पाठविण्यास कमी रुपये पुरू लागले. कर मात्र पूर्वीच्याच दराने चालू राहिले. शिल्लक पडू लागली ती यामुळे. ही शिल्लक समृद्धीची खूण नसून रुपया महाग करून रयतेकडून जरुरीपेक्षा जास्त घेतल्याची खूण आहे, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी लोक गांजलेले असताना ती घेणे हा दुहेरी अन्याय आहे, असे गोखले यांनी दाखवून दिले. लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांत काहीच मेळ नाही, हे त्या भाषणाचे मर्म होते. दादाभाई नौरोजी यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा सिद्धान्त अगोदरच मांडलेला होता. गोखले यांनी तो त्या त्या वर्षाच्या ताळेबंदावर, कलमागून कलम घेऊन, लागू करून दाखविला, आणि लष्करावर जाणारा पैसा व शिक्षणावर जाणारा पैसा एकमेकांशेजारी ठेवले.

मिठाचा कर त्यांनी वर्षानुवर्षे सोडला नाही. मण म्हणजे आजचे सुमारे ३७ किलो; एवढ्या मिठामागे अडीच रुपये कर म्हणजे ज्याच्या घरी भाकरीबरोबर मीठ हेच कोरड्यास, त्याच्यावर सर्वांत जड ओझे. १९०३ मध्ये हा कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, आणि १९०७ मध्ये एक रुपया. प्राप्तीवरील करातून सूट मिळण्याची मर्यादाही १९०३ मध्ये वार्षिक पाचशेवरून एक हजार रुपयांवर गेली. या कपातीचे सगळे श्रेय एका सभासदाला देणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण काँग्रेसने ही मागणी आधीपासून केली होती आणि शिल्लक इतकी वाढली होती की काही तरी सोडणे सरकारला भागच होते. तरीही मतदानाचा हक्क नसलेल्या सभागृहात निव्वळ हिशेबाच्या बळावर सरकारला वर्षानुवर्षे उत्तरे द्यायला लावणे ही लहान गोष्ट नव्हती. ज्या कर्झनच्या विद्यापीठ कायद्याला त्यांनी १९०४ मध्ये कडवा विरोध केला, त्याच कर्झनच्या कारकिर्दीत त्याच वर्षी त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. १९१४ मध्ये देऊ केलेली ‘सर’ ही पदवी मात्र त्यांनी नाकारली.

१९०५ साली बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. बंगालच्या फाळणीनंतरचे ते अधिवेशन. त्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली आणि बंगालने पुकारलेला बहिष्कार त्या परिस्थितीत न्याय्य ठरविला. हे सांगणे अगत्याचे आहे, कारण सनदशीर मार्गाचा, म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून केलेल्या चळवळीचा पुरस्कर्ता बहिष्काराचे नावही घेणार नाही, अशी समजूत रूढ आहे. पुढची वर्षे खडतर गेली. भारतमंत्री मोर्ले यांच्या भेटींसाठी विलायतेच्या फेऱ्या, डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेत जहाल व मवाळ यांच्यात काँग्रेसची झालेली फाळणी, आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा, हा भाग ग्रंथात सविस्तर येतो. त्या सुधारणांतील मुसलमानांसाठीचे स्वतंत्र मतदारसंघ गोखले यांनी स्वीकारले. अल्पसंख्याकांच्या मनातली भीती दूर केल्यावाचून एकराष्ट्रीयत्व येणार नाही, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती. परंतु त्या व्यवस्थेने भेद पक्के केले, हेही पुढे दिसून आले, आणि चरित्रकाराने ते झाकून ठेवणे योग्य नाही.

१९०९ च्या कायद्याने वरिष्ठ कायदेमंडळातील सरकारी बहुमत कायम ठेवले, परंतु ठराव मांडण्याचा व त्यावर मत घेण्याचा हक्क दिला. या हक्काचा गोखले यांनी केलेला सर्वांत मोठा उपयोग म्हणजे प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी ठराव मांडला, सरकारच्या आश्वासनावरून तो मागे घेतला, आणि आश्वासनातून काहीच निष्पन्न होत नाही असे पाहून १६ मार्च १९११ रोजी विधेयकच आणले. १९११ च्या जनगणनेत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाहूनही कमी होते, आणि स्त्रियांत ते शेकडा एकच्या आसपास होते. अशा देशात सक्ती एकदम लादता येणार नाही हे ओळखून त्यांनी विधेयक अतिशय सावधपणे आखले. सक्ती लागू करायची की नाही हे नगरपालिका किंवा जिल्हा बोर्डाने ठरवायचे, त्यालाही प्रांतिक सरकारची मंजुरी हवी. जेथे मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच ठरावीक पातळीला पोचले आहे, तेथेच ती आणायची. ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, मुलींना पुढे लागू करण्याची तरतूद तेवढी ठेवायची. आणि दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घ्यायची नाही. खर्चाचा दोनतृतीयांश भार सरकारने उचलावा आणि उरलेला स्थानिक संस्थेने, अशी त्यांची योजना होती. इतक्या मर्यादित विधेयकालाही सरकारी सभासदांनी आणि कित्येक जमीनदारांनी विरोध केला. मुहंमद अली जीना त्याच्या बाजूने बोलले. १९ मार्च १९१२ रोजी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. निकाल काय होणार हे गोखले यांना ठाऊक होते, आणि आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणेच आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या चर्चेत काढले.

या विधेयकाची पूर्वपीठिका पुण्यातच शोधली पाहिजे. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती, आणि शेतकऱ्यांकडून गोळा होणारा महसूल उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो हा त्यांचा आक्षेप होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ पासून अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो राज्यभर नेला होता. फुले यांची मागणी खालच्या थरातून उठलेली, सयाजीरावांची राजाज्ञेने अमलात आलेली, आणि गोखले यांची कायदेमंडळातून पुढे आणलेली. या तीन प्रवाहांचा एकत्र अभ्यास मराठीत अजून पुरेसा झालेला नाही. सामाजिक न्यायाच्या बाबतीत गोखले यांचे काम फुले यांच्याइतके मूलगामी नव्हते, हे उघड आहे. तथापि १९०३ मध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेवर केलेल्या भाषणात, दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या मानहानीबद्दल संतापणाऱ्यांना रानडे यांनी स्वतःच्या समाजाकडे पाहायला कसे लावले, याची आठवण दिली, आणि ज्या न्यायबुद्धीने आपण सरकारचा हिशेब तपासतो, तिनेच आपला स्वतःचाही तपासला पाहिजे, असा आग्रह धरला.

१२ जून १९०५ रोजी स्थापन झालेला भारत सेवक समाज हे त्यांचे दुसरे मोठे काम. सभासदाने सात शपथा घ्यायच्या. देशाला विचारात पहिले स्थान देणे, जाती-पंथाचा भेद न करता सर्वांसाठी झटणे, संस्था देईल तेवढ्या निर्वाहखर्चात समाधान मानून अर्थार्जनात शक्ती न घालविणे, कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे या त्यांतल्या काही. राजकारण हे फावल्या वेळचे काम नसून त्यासाठी अनेक वर्षांचे शिक्षण लागते, ही त्यामागची कल्पना त्या काळी नवी होती. श्रीनिवास शास्त्री, गोपाळ कृष्ण देवधर, कामगार चळवळीचे ना. म. जोशी, ठक्करबाप्पा आणि हृदयनाथ कुंझरू ही माणसे या शिस्तीतून गेली, एवढे सांगितले तरी पुरे.

दक्षिण आफ्रिकेचे प्रकरण त्यांच्या पद्धतीची मर्यादा आणि तिचा विस्तार दोन्ही दाखविते. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी नाताळला करारबद्ध मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव मांडला. तो सरकारने स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून ही भरती थांबली. ऑक्टोबर १९१२ मध्ये, मधुमेहाने खंगलेले असताना, ते गांधींच्या बोलावण्यावरून तेथे गेले. या दौऱ्यात कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू यांच्या सभेचा प्रसंग आला तेव्हा गांधींनी त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला व भाषांतर स्वतः करण्याची तयारी दाखविली. गांधींच्या मराठीची थट्टा करीत का होईना, गोखले यांनी ते मानले आणि पुढे झांझिबारपर्यंतच्या सभांत हाच क्रम चालला. ज्यांचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे लेखन-वक्तृत्व इंग्रजीत झाले, त्यांचा मातृभाषेशी असा पुन्हा जुळलेला संबंध परदेशात, आणि तोही त्यांच्याच कोकणातल्या माणसांमुळे घडावा, ही बाब विचार करण्यासारखी आहे. तेथील पंतप्रधान जनरल बोथा व मंत्री स्मट्स यांच्या भेटीनंतर करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होणार, असे गोखले यांना वाटले. तसे घडले नाही, आणि १९१३ मध्ये नाताळच्या खाणमजुरांचा संप व गांधींचा मोर्चा झाला. येथे पुराव्याचे राजकारण संपून सत्याग्रहाचे सुरू झाले. गोखले यांनी त्याकडे पाठ फिरविली नाही. १९०९ च्या लाहोर काँग्रेसमध्येच त्यांनी दक्षिण आफ्रिकेतीलच ट्रान्सवालमधल्या गांधींच्या लढ्याचे उघड समर्थन केले होते. आता त्यांनी देशभर निधी गोळा केला आणि अँड्र्यूज व पिअर्सन या हिंदुस्थानच्या इंग्रज मित्रांना तिकडे रवाना केले. सिद्ध झालेला अन्यायही राज्यकर्ता दूर करीत नसेल तर काय, या प्रश्नाला त्यांच्या स्वतःच्या पद्धतीत उत्तर नव्हते. ज्याच्यापाशी ते होते त्याच्या पाठीशी उभे राहण्याइतके मोठे मन त्यांच्यापाशी होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी टिळकांनी त्यांच्याविषयी गौरवाचे भाषण केले. मृत्यूपूर्वी त्यांनी गव्हर्नर विलिंग्डन यांच्या विनंतीवरून प्रांतिक स्वायत्ततेचा एक मसुदा तयार केला होता. आगाखान यांनी तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा टिळक आणि मवाळ लखनौला एकत्र येऊन गेले होते आणि काँग्रेसची मागणी त्या मसुद्याच्या पुढे पोचली होती. शिक्षणाच्या बाबतीत मात्र उलट घडले. मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याच सुमारास ते आपल्या संस्थानात आणले. परंतु सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत यायला २००२ सालची दुरुस्ती लागली, आणि तो अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडले.

प्रस्तुत चरित्र वाचू इच्छिणाऱ्याने १९०२ चे अंदाजपत्रकावरील भाषण आणि १९११-१२ ची शिक्षण विधेयकावरील भाषणे जवळ ठेवावीत, आणि ती आकडे न गाळता वाचावीत. पहिल्या भाषणात मिठाचा दर, रुपयाचा भाव व लष्करी खर्च यांची जी सांगड आहे ती संक्षेपात हाती लागत नाही. आणि शिक्षणावरील भाषणांशेजारी फुले यांचे हंटर आयोगापुढील निवेदन ठेवले, तर एकाच शहरातल्या दोन माणसांनी तीस वर्षांच्या अंतराने सरकारी तिजोरीकडे कोणत्या दोन बाजूंनी पाहिले, हेही वाचकाला स्वतः तपासता येईल.